नेलपॉलिशची रेघ

सप्टेंबर लागला की आमच्या मोंटानात एल्क हरणांचे नर माजावर येतात आणि आम्हा धनुष्यवाल्यांची अक्कल गहाण पडते. एरवी ज्या जनावराची सावलीही दिसत नाही, ते या दिवसांत भर उजेडात माद्यांमागं ओरडत फिरतं, शिंगांनी झाडं सोलतं आणि मादीची हाक आली की झाडी तुडवत धावून येतं. आपण जवळ दबा धरून बसायचं. बंदूकवाले समोरच्या डोंगरावरून मारतात. त्यांच्याशी माझं कधी पटलं नाही.

माझ्याकडे हा एकच सप्टेंबर उरला होता. बर्फ वितळत असताना बिलिंग्जच्या डॉक्टरनं सांगितलं की माझे स्नायू झिजत चाललेत आणि त्याला औषध नाही. आधी खांदे, मग हात, मग गिळणं, मग श्वास. पुढच्या वर्षी मी स्वतःचा चमचा उचलला तरी खूप झालं. मला मोठं काही नको होतं. एक नर, माझ्या हातानं ओढलेल्या दोरीनं. बस्स.

शेजारचा हॅस्केल म्हणाला, "अरे ऑरिन, दोरी ओढून धरणारं यंत्र मिळतं आता. तू फक्त खटका दाबायचास."

"मग तू माझ्या वतीनं जेवूनही घे की," मी म्हणालो. तो रागावून गेला. बरं झालं.

माझी मुलगी डेला शाळेची बस चालवते. तिनं रजा काढली आणि आम्ही दोघं ओढ्याच्या वरच्या अंगाला तंबू ठोकून राहिलो. मादीचा आवाज काढावा तर डेलानंच. तिच्या घशातून तो असा निघतो की कधी कधी मलाच मागं वळून बघावंसं वाटतं. आमची पद्धत अशी की शिकारी पुढं बसतो आणि हाक देणारा बराच मागं, झाडीत. नर हाकेच्या रोखानं बघत येतो, शिकाऱ्याकडे त्याचं लक्ष जात नाही. मागच्याला मात्र काही दिसत नाही. त्याचं सगळं कानांवर चालतं.

पहिल्याच संध्याकाळी नर आला. ओरडत, तोंडातून वाफ सोडत, माझ्यापासून वीस वारांवर येऊन आडवा उभा राहिला. एवढं सोपं सावज देव क्वचित देतो. मी दोरी ओढली. ती अर्ध्यावर आली आणि थांबली. हात थरथरायला लागले, दात आवळले, डोळ्यांपुढं काजवे चमकले, तरी दोरी पुढं येईना. नर मादी शोधत राहिला, कंटाळला आणि निघून गेला.

डेला आली. "काय झालं?"

"वारा फिरला. माझा वास लागला त्याला."

"हो का? माझ्या तोंडावर तर सरळ तुझ्याकडूनच येत होता."

"मग तुझं तोंड चुकीच्या दिशेला असेल."

ती हसली नाही. जेवताना माझ्या हातांकडे बघत राहिली. मला तिचा रागच आला.

सकाळी गवतावर हिव पडलं होतं. डेलानं दोनदा हाक दिली आणि पलीकडून उत्तर आलं. हा नर कालच्याहून मोठा होता, पण शहाणा. पाईनच्या कडेला थांबला, पुढं यायलाच तयार नाही. अंतर कालच्या दुप्पट. तेवढ्यावरून मी आयुष्यभर मारत आलोय. मी धनुष्य उचललं, दोरीला हात घातला आणि ती आली. सरळ गालापर्यंत आली. काय सांगू, मला वाटलं डॉक्टर गाढव आहे. वाटलं, आजार उतरला, मी परत आलो. डोळ्यांत पाणी आलं, ते आवरलं, धनुष्यावरचा नेम धरायचा मणी त्याच्या खांद्यामागं ठेवला आणि बाण सोडला.

बाण हवेतच खाली बसला. वाळक्या लाकडावर कुऱ्हाड पडावी तसा आवाज झाला. नर वळला तेव्हा त्याचा पुढचा पाय गुडघ्याच्या वर मोडून लोंबत होता. तसाच तो झाडीत घुसला.

"लागला?" डेला धावत आली.

"पायाला. बाण खाली गेला."

"किती?"

"फार. मणी बरोबर होता, पोरी. मग हातच हलला असणार."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. जनावरासाठी असेल, असं मला वाटलं.

थोडं थांबून माग काढला. पडलेल्या खोडावर रक्त, मग पानांवर थेंब, मग ओढ्याकाठच्या दगडावर एक डाग. ओढ्यापलीकडे काहीच नाही. दुपार कलेपर्यंत आम्ही गुडघ्यांवर रांगत एकेक पान उलटून बघितलं. वरच्या कुरणात दुसरा नर ओरडायला लागला होता. आमच्या नराच्या माद्या त्यानं घेतल्या होत्या. आमचा कुठंतरी तीन पायांवर उभा असणार. मरणारही नाही लवकर. बर्फ पडेल तेव्हा लांडगे बघतील.

मी खिशातून परवाना काढला आणि चाकूनं त्यावरची तारीख कापली. एका परवान्यावर एकच नर, आणि तारीख कापली की तो वापरला गेला. शिकार संपली.

"डॅड, काय करतोयस! हंगाम बाकी आहे. हरवलेल्या जनावरावर परवाना काप असं कायदा कुठं म्हणतो?"

"रक्त कायद्यानं नाही काढलं. मी काढलं."

माझ्या बापानं असंच केलं होतं, मीही एकदा केलंय. डेलाला हे ठाऊक होतं. ती खाली बसली आणि रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिची समजूत काढण्याइतकी ताकद त्यात अजून होती.

संध्याकाळी ती चुलीवर सूप ढवळत होती आणि मी धनुष्य पुसत होतो. धनुष्याची दोन्ही पाती एकेका बोल्टनं दांड्याला कसलेली असतात. बोल्ट जितका घट्ट, तितकी दोरी जड आणि बाण वेगवान. बोल्ट आपोआप सैल झाला तर कळावा म्हणून त्यावरून पात्यापर्यंत एक रेघ मारतात. माझ्या रेघा माझ्या बायकोनं, इओननं, मारल्या होत्या, तिच्या लाल नेलपॉलिशनं. "आता हे माझ्यापेक्षा नटलंय," असं म्हणाली होती.

दोन्ही रेघा तुटल्या होत्या. बोल्टावरची लाली एकीकडे, पात्यावरची दुसरीकडे. दोन्हीकडे सारखीच. हे आपोआप होत नाही.

रात्री बोल्ट सैल करताना डेलानं कालचंच अंतर धरलं असणार. वीस वारांवर फार फरक पडला नसता. आज नर दूर थांबला, आणि माझा मणी जुन्या ताकदीवर बसवलेला.

आधी मी संतापलो. ओरडणार होतो. मग सकाळ आठवली, ती गालापर्यंत आलेली दोरी. जनावर गेलं ते गेलंच, पण तो एक क्षण मी जपून ठेवला होता. तोही माझा नव्हता.

"डेला, बोल्ट फिरवायचा पाना कुठंय?"

तिचा हात थांबला. हत्यारांची पेटी तिच्या पायाशीच होती. तिनं तिकडे बघितलंही नाही. जॅकेटच्या खिशातून पाना काढला.

"डॅड, मला वाटलं..."

"कस."

तिनं कसलं. आधी वरचा, मग खालचा. नाक ओढत, हळूहळू, लाल रेघा पुन्हा जुळेपर्यंत. मी उभा राहिलो, धनुष्य हातात घेतलं आणि तिच्यासमोर दोरी ओढली. दिवसभर रांगून जितका उरला होता तितका सगळा जोर लावला. दोरी जागची हलली नाही.

"हं," मी म्हणालो, "आता बरोबर आहे."