पालथ्या पातेल्यावरचा आचारी

देवाने जीव प्रत्येकाला एकेकच दिला. तो कुणावरून ओवाळून टाकायचा, एवढं मात्र ज्याच्या त्याच्यावर सोपवलं. या आचाऱ्याने तो बसल्या जागी ओवाळायला काढला.

लढाईत तुकडीचा मुक्काम एका शाळेत होता आणि स्वयंपाक पहिलीच्या वर्गात. तिथे उंदीर फार. उंदीर दिसला की रिकामं मोठं पातेलं त्यावर पालथं घालायचं आणि वर बसकण मारायची, हा आचाऱ्याचा खाक्या. त्या दुपारी खिडकीतून काहीतरी टपकलं आणि गडगडत चुलीपाशी आलं. आचाऱ्याने सवयीने पातेलं घातलं, वर मांडी ठोकली, आणि कोपऱ्यात जेवणाऱ्या हवालदार, ड्रायव्हर आणि वायरलेसवाला या तिघांचे चेहरे पाहून त्याला कळलं, हा उंदीर नव्हे.

हातबॉम्ब फुटला नाही. पण फुटणार नाही, असंही त्याने कुणाला लिहून दिलं नव्हतं. दार आचाऱ्याच्या पाठीशीच होतं. एका उडीत तो सुटला असता. पण मग कोपऱ्यातल्या तिघांचं काय? तो मांडी मोडेना.

"एकेक करून निघा," तो म्हणाला. "भांडी नंतर घासू."

हवालदाराने त्याला उठायचा हुकूम दिला. आचारी म्हणाला, हुकूम बाहेरून द्या, इथवर ऐकू येतो. ड्रायव्हरला रडू फुटलं; आचाऱ्याच्या स्वयंपाकाला आजवर ठेवलेली सगळी नावं त्याने एकेक करून परत घेतली. आचाऱ्याने ती निमूट ऐकली. त्यातली दोन त्याला नवीन होती. वायरलेसवाल्याने दोघांना ओढत बाहेर नेलं आणि मदत मागवली.

दोन तासांनी बॉम्ब निकामी करणारा आला. त्याने पातेल्याभोवती वाळूची पोती रचली, मी बाहेर पडलो की उडी मारून पळ म्हणाला, आणि गेला. आचाऱ्याने देवाचं नाव घेतलं, उठायला गेला, तर पायांचं लाकूड झालेलं.

"पाय गेलेत माझे," तो आतून म्हणाला. "तुम्ही जेवून घ्या."

हवालदाराने कपाळाला हात लावला. ज्यांना वाचवायला हा बसला होता, तेच तिघे पुन्हा आत शिरले. काखेत हात घालून त्याला पोत्यांवरून ओढला, फरफटत बाहेरच्या खंदकात टाकला आणि त्याच्यावर आपणही कोसळले. मागे पातेलं कलंडलं. धडाक्यासरशी वर्गाचं छप्पर उडालं.

धूळ बसली. तिघांच्या खालून क्षीण आवाज आला, "हवालदारसाहेब, उठा हो. आता मात्र खरंच जीव जाईल."

"गप पड," हवालदार म्हणाला, आणि बराच वेळ कुणीच उठलं नाही.