उरलेला दाणा

उमरग्यात कॉलेजच्या अठरा पोरांनी भाड्याच्या माडीवर आपली खानावळ मांडली होती, झोपायचंही तिथंच. दुष्काळाचं दुसरं साल. रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळे, त्याच्याच भाकरी सिद्धम्मा थापायची. पण एकदा इथं ताट लागलं की तो पोरगा भाऊ झाला. त्याच्या तापात उशाशी बसायचं, त्याच्या बापाला खांदा द्यायचा.

नवं ताट लावायचं तर रीत ठरलेली. प्रत्येकाला दोन दाणे, एक लाल मिलो, एक काळा उडीद. फडक्याखालच्या तांब्यात एक टाकायचा, उरलेला तोंडात टाकून चावायचा, म्हणजे कुणाचं मत कुणाला कळायला नको. लाल म्हणजे ये. एक जरी काळा निघाला, तरी जा.

त्या सोमवारी धुळाप्पा बाहेर जिन्यात ट्रंकेवर बसला होता. विहिरीमागं कुणा पोराच्या मिठीत सापडला म्हणून वसतिगृहानं त्याला काढलं होतं. दुसरा पळाला. रेक्टरनं तीन दिवस छड्या ओढल्या, धुळाप्पानं नाव सांगितलं नाही.

ते नाव आत ओळीत तिसरं बसलं होतं. गुरुलिंग. सकाळी इष्टलिंगाची पूजा करताना त्यानं देवाला शब्द दिला होता, मी लालच टाकीन.

कारभारी आबाराव, बी.ए.ला दोनदा गचकलेला, खाकरला. "ऐका रे. धुळाप्पा तसला हाय, समद्या गावाला ठावं हाय. पन मार खाल्ला, दुसऱ्याचं नाव घेतलं न्हाय. असला भाऊ मला चालंल."

"चालंल की," भीमाशंकर म्हणाला, "फकस्त माझ्याशेजारी हातरूण नको."

"तुझ्याशेजारी कोण झोपतंय?" मागून कुणीतरी म्हणालं. "तुझ्या घोरण्यानं ढेकणंसुद्धा पलीकडं गेली."

हशा पिकला. गुरुलिंग हसला नाही. आता पाचसहा काळे पडणारच, त्याला वाटलं. त्यात माझा एक कुणाला दिसतोय? आणि हा इथं आला तर रोज समोर जेवायला बसंल, रोज माझ्याकडं बघंल. ते बघणं एक ना एक दिवस कुणीतरी ओळखंल.

त्याचा हात फडक्याखाली गेला. काळा दाणा पडला. लाल त्यानं दाढंखाली धरला.

सिद्धम्मानं तांब्या ताटात पालथा केला. लाल, लाल, सतरा लाल. एक काळा.

"एकच?" भीमाशंकरचं तोंड उघडंच राहिलं. "आईशपथ, म्या लाल टाकला."

मग सगळ्यांनीच शपथा घेतल्या. गुरुलिंगानं सगळ्यांत मोठ्यानं, गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून.

"ज्यानं टाकला त्यानं आत्ता सांगावं," आबाराव म्हणाला. "पुन्यांदा टाकू. कुनी काय म्हननार न्हाय."

सिद्धम्मा परातीत हात घालून थांबली. कुणी हललं नाही.

"रीत ती रीत," आबाराव म्हणाला. "गुरुलिंग, तुझ्या गावचा हाय, तूच सांग जा."

त्याला बघताच धुळाप्पा उठून उभा राहिला. "किती?"

"सतरा लाल."

"आन्?"

"एक काळा."

धुळाप्पा जिन्याच्या पायऱ्यांकडं बघत राहिला. परीक्षा महिन्यावर आली होती. आता ती राहिली. उद्यापासून तलावाच्या दुष्काळी कामावर खडी फोडायची. मग तो हळूच हसला.

"सतरा! गुरू, तूच बोलला असशील माझ्यासाठी. न्हाईतर माझ्या नावाला कुठले सतरा?"

गुरुलिंगानं दाढंखालचा दाणा चावून गिळला.

"थांब, तोंडाला काय लागलंय." धुळाप्पाचा हात सवयीनं पुढं आला. ओठाच्या कोपऱ्यातलं सालपट त्यानं बोटावर घेतलं, उजेडाकडं धरलं. लाल होतं.

आत पोरं बुळबुळीत उडीद थुंकून चुळा भरत होती.

धुळाप्पानं बोट विजारीला पुसलं, ट्रंक खांद्यावर घेतली.

"जा, जेव," तो म्हणाला. "भाकर गार हुतीया."

आत सिद्धम्मानं एकोणिसावं ताट सकाळीच घासून ठेवलं होतं. आबाराव म्हणाला, "धुतलंयच तर गुरुलिंगाला द्या. त्याच्या ताटाला भोक पडलंय."

तिनं त्या ताटात गरम भाकरी टाकली. गुरुलिंगानं लिंगाला हात लावून नमस्कार केला, आणि पोटभर जेवला.