हळू बोललेलं

“काकू, हे वाक्य ती बाई म्हणालीच नाहीये.”

मुलगी अजून दारातच होती. एक चप्पल पायात, एक हातात. खांद्यावरची लॅपटॉपची बॅग घसरून कोपरापर्यंत आलेली, आणि डोळे असे, की रडून झालंय, आता रागवायचं तेवढं बाकी आहे.

काकूंनी हेडफोन उतरवून मानेवर घेतला. “कुठलं वाक्य गं? आधी आत तर ये. उन्हातून आलीस, पाणी पी.”

“पाणी नको मला.”

स्वयंपाकघरातून सुनेनं डोकावून पाहिलं. प्रबंधवाली आलीय म्हटल्यावर ती परत भांड्यांकडे वळली. या घरात प्रबंधवाल्यांची ये-जा नवी नव्हती. विद्यापीठाच्या मागच्या गल्ल्यांत काकूंना सगळे टायपिंगकाकू म्हणत. टाइपरायटर होता तेव्हापासून पोरं आपापले प्रबंध छातीशी धरून हा जिना चढत आली होती. कुणाचा वस्तीचा अभ्यास, कुणाचा मजुरीचा, कुणाचा मोडलेल्या लग्नांचा. काकूंच्या बोटांना सगळा पाठ, डोक्याला थोडाफार. एका पानावर पाच-सहादा ‘तथापि’ आलं की त्या म्हणत, “अहो, त्या तथापिला जरा बसू द्या की, दमलं असेल.” पोरं हसत आणि तीन तथापि खोडत.

पुढे प्रबंध पोरं स्वतःच टाइप करू लागली. मग काकूंकडे मुलाखती यायला लागल्या. संशोधक गावभर हिंडून माणसांना बोलतं करायचे आणि ते बोलणं काकूंकडे आणून टाकायचे. काकू कानाला हेडफोन लावायच्या आणि शब्द न् शब्द उतरवून द्यायच्या.

ही मुलगी चार वर्षं अशा बायकांना भेटत होती, ज्यांनी घरातलं अंथरुणाला खिळलेलं माणूस वर्षानुवर्षं सांभाळलं. कुणाचा नवरा, कुणाची आई, कुणाचे सासरे. तिच्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण एका वाक्यावर उभं होतं. तीन वेगवेगळ्या बायकांच्या तोंडी, थोड्याफार फरकानं, तेच वाक्य आलं होतं.

त्यांना भरवता भरवता माझी भूकच उठून त्यांच्या खोलीत राहायला गेली.

मुलीचे मार्गदर्शक सर म्हणाले होते, अशी वाक्यं मागून मिळत नाहीत, हे वाक्य तुझा प्रबंध उचलून धरणार आहे. परवा चर्चासत्र होतं. सरांनी सांगितलं, वाक्य नुसतं वाचू नकोस, त्या बाईचा आवाजच ऐकव लोकांना. म्हणून काल मुलगी रेकॉर्डिंगमधला तेवढा तुकडा कापून घ्यायला बसली.

“तिघींचंही ऐकलं,” ती म्हणाली. “एकीच्याही तोंडी नाही. पुढं-मागं सगळं जसंच्या तसं आहे. तेवढंच नाही.”

“असं कसं होईल? मी कानानं ऐकल्याशिवाय...”

“ऐका तुम्हीच.”

तिनं लॅपटॉप काकूंच्या टेबलावर ठेवला. एका बाईचा आवाज सुरू झाला. मोकळा, घरगुती, मध्येच हसणारा. त्यांचं ताट आधी, मग मुलांचं, मग... आणि तिथं तो आवाज विहिरीत उतरावा तसा खाली खाली गेला. काकूंना नुसती खरखर ऐकू आली. त्यांनी मान हलवली, जशी त्या हल्ली सगळ्यालाच हलवायच्या.

मुलीनं आवाज शेवटपर्यंत वाढवला आणि तो तुकडा पुन्हा लावला. आता ती बाई खोलीत येऊन बसल्यासारखी बोलली.

“...मग मी त्यांच्या खोलीचं दार ओढून घ्यायचे. हाक ऐकू येऊ नये म्हणून. सांगू नका हं कुणाला.”

काकूंचे हात मांडीवर होते. ते त्यांनी उचलून टेबलावर ठेवले, मग पुन्हा मांडीवर घेतले.

“दुसरीनं काय म्हटलंय ठाऊक आहे?” मुलगी म्हणाली. “ती म्हणते, औषध पाजताना मी त्यांच्या तोंडाकडे बघायचेच नाही. आणि तिसरी म्हणते, सुटले. एवढंच. सुटले. अन् तुम्ही तिथं लिहिलंय भूक राहायला गेली!” तिचा आवाज चिरकला. “जिथं जिथं बायका हळू बोलल्या ना काकू, तिथं तिथं तुम्ही बोललात.”

काकूंनी तोंड खिडकीकडे वळवलं. दोन वर्षांपूर्वी उजव्या कानात जणू एक किडा येऊन बसला होता. रात्रंदिवस किर्र किर्र. मग डावा कानही हळूहळू त्याच्या नादी लागला. आधी एखादा शब्द निसटायचा. शब्द काय, मागच्या-पुढच्या शब्दांना विचारून मिळतो. फाटलेल्या पदराला आतून शिवण घालावी तशी त्या वाक्यं शिवत गेल्या. मग शब्दाची ओळ झाली. आणि या बायकांच्या मुलाखती आल्या तेव्हा तर विचारायचीही गरज वाटली नाही. काकूंनी स्वतः सासूबाईंचं अकरा वर्षं केलं होतं. असल्या घरातली बाई इथं काय म्हणाली असेल, हे आपल्यालाच नाही तर कुणाला कळणार? खोटं लिहितोय असं एकदाही मनात आलं नव्हतं. उलट वाटलं होतं, बाईचे शब्द तिला शोधून देतोय.

“कान गेलेत गं माझे,” त्या म्हणाल्या.

हे त्या पहिल्यांदाच कुणाला सांगत होत्या. मुलाला नाही, सुनेला नाही.

“मग सांगायचं ना! मी दुसऱ्या कुणाला दिलं असतं.”

“म्हणूनच नाही सांगितलं.”

मुलगी खुर्चीत बसली. एक चप्पल अजून पायातच होती, ते तिला आत्ता दिसलं. ती काढून दाराकडे सरकवत ती म्हणाली, “प्रकरण गेलं काकू. सर मला फाडून खातील. आणि ते जाऊ दे, त्या बायकांनी विश्वासानं सांगितलं होतं मला. हळू का होईना, सांगितलं होतं. मी समोर बसून सगळं ऐकलं होतं, आणि नंतर कागदावरचं वाचून माझं मीच विसरले. का? तर तुमचं वाक्य जास्त सुंदर होतं!”

आत सुनेनं नळ सोडला असावा. काकूंना तो ऐकू येत नव्हता, पण त्या वेळी रोज भांडी व्हायची.

मुलीनंच मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळत होतं, आणि ते उजळताना तिला स्वतःलाच थोडी लाज वाटत होती.

“काकू, ते वाक्य तुमचं आहे ना? म्हणजे तुम्ही सासूबाईंचं केलंत तेव्हाचं?”

“माझंच.”

“मग तुम्ही मुलाखत द्या. रीतसर. त्या बायकांसारख्याच तुम्हीही एक. त्या तिघींचं मी आज बसून सुधारते, त्या जे म्हणाल्या तेच घालते. पण वाक्य तुमच्या तोंडी राहील. खरं वाक्य, खऱ्या बाईचं. प्रकरण उभं राहील काकू. थोडं लंगडत, पण राहील. आणि सरांना तुमच्या कानाबद्दल सांगायची गरज पडणार नाही.”

शेवटचं तिनं हळू म्हटलं होतं. पण काकूंनी ते ओठांवरून वाचलं. दोघींचीही अब्रू रेकॉर्डिंगच्या त्या एवढ्याशा यंत्रात मावण्यासारखी होती. मुलीनं ते बॅगेतून काढून टेबलावर ठेवलं तेव्हा काकूंनी सवयीनं पदर सारखा केला, जणू फोटोच काढायचा आहे.

“भीती वाटतेय?”

“मला कसली भीती? आयुष्यभर दुसऱ्यांचं ऐकलं, आता माझं ऐका म्हणावं.”

मुलगी हसली, आल्यापासून पहिल्यांदा. तिनं बटण दाबलं आणि ठरलेली वाक्यं म्हटली. तुम्ही स्वखुशीनं बोलताय ना. मध्येच थांबावंसं वाटलं तर थांबू शकता. एखाद्या प्रश्नाचं उत्तर नाही दिलंत तरी चालेल. काकूंनी ही वाक्यं कितीकदा उतरवली होती. आज ती कुणीतरी त्यांना विचारत होतं.

काकूंनी सुरुवात केली. सासूबाई न्हाणीत पडल्या त्या सकाळपासून. खुबा मोडला, मग एक अंग गेलं, मग वाचा. कूस बदलणं, अंग पुसणं, चादरी. सांगणं सराईत होतं. पाहुणे आले की, जावा-नणंदा जमल्या की, शेजारच्या नवीन सुनांना समज द्यायची झाली की काकू हे याच क्रमानं सांगत. कुठं थांबायचं, कुठं नुसता उसासा टाकायचा, सगळं ठरलेलं. आणि शेवटी ते वाक्य. वाक्य झालं की बायका डोळे पुसत. थोरल्या नणंदेनं एकदा त्यांचे पाय धरले होते. या सुनेलाही ते कितीतरी वेळा ऐकावं लागलं होतं, कपबशा गोळा करता करता, चेहरा कोरा ठेवून.

“...आणि त्यांना भरवता भरवता,” काकू म्हणाल्या, “माझी भूकच उठून त्यांच्या खोलीत राहायला गेली.”

मुलीनं डोळे मिटून घेतले. सुटकेचा श्वास टाकला. चर्चासत्र, सर, प्रकरण, सगळं पुन्हा जागच्या जागी आलं होतं. तिथंच तिनं थांबायला हवं होतं. पण चार वर्षांची सवय. हे सांगून झालं की पुढचा प्रश्न कोणता, तो तिच्या जिभेवर बसलेला होता. प्रत्येक बाईला विचारलेला, अगदी साधा.

“आणि मग तुम्ही जेवायचात कधी?”

काकूंचं तोंड उघडं राहिलं.

पाहुण्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. नणंदेनं नाही, शेजारणींनी नाही. वाक्य झालं की सगळे गप्प व्हायचे, आणि त्या गप्प होण्यात काकूंना एवढी वर्षं ऊब मिळत आली होती. ही पोर मात्र हनुवटीखाली हात ठेवून खरंच उत्तराची वाट बघत होती.

“ओट्यापाशी,” काकू म्हणाल्या.

“म्हणजे?”

“उभ्यानं. त्यांना भरवून झालं की. भांड्यात जे उरलंय ते सगळं. दोन माणसांचं खायचे गं मी. अधाशासारखी.” त्या थांबल्या. “भूक कुठं जातेय? ती कुठंच गेली नव्हती.”

मुलीचा अंगठा यंत्राच्या बटणाशी गेला. चेहऱ्यावर उजळलेलं सगळं विझत चाललं होतं, आणि तरी ती नियमाप्रमाणे म्हणाली, मोठ्यानं, काकूंना ऐकू जाईल असं, “काकू, थांबवू का? तुम्ही म्हणालात तर आत्ता थांबवते. याच्या आधीचं तेवढं ठेवता येईल.”

काकूंनी त्या अंगठ्याकडे पाहिलं. कोवळा अंगठा, नखाशी शाई लागलेली. त्यांना कळत होतं, पोर काय देऊ करतेय. आणि हेही कळत होतं, की आपण ते घेऊ नये असंच तिला मनातून वाटतंय.

“राहू दे चालू,” त्या म्हणाल्या. “ते वाक्य पाहुण्यांसाठीचं होतं. खोडून टाक ते.”

“प्रकरण जाईल काकू.”

“जाऊ दे. त्या तिघींनी सांगितलंय ना तुला, त्यांचं लिही. नि तुझ्या सरांना सांग, टायपिंगकाकूला ऐकू येत नाही म्हणून. मीच येते सांगायला. तू नुसती सोबत ये.”

मुलीनं अंगठा काढून घेतला आणि खुर्ची पुढं ओढली. गुडघ्याला गुडघा लागेल इतकी.

काकूंनी दाराकडे एकदा पाहिलं. मग यंत्राकडे वाकून आवाज खाली घेतला. निदान त्यांना तसं वाटलं.

“संध्याकाळी मी भाजी आणायला जायचे,” त्या म्हणाल्या, आणि शब्द खोलीभर घुमले, भिंतीला लागून परत आले. “येताना जिन्यात थांबायचे. खालच्या पायरीवर. कान लावून. तेव्हा कान कसले तिखट होते माझे! वरून त्यांचा खोकला ऐकू येतो का बघायचे. आला नाही की...”

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

“...आला नाही की जीव हलका व्हायचा. पिशवीसुद्धा हलकी वाटायची. एक एक पायरी अशी चढायचे, की आता वर गेलं की रडायचं, माणसं बोलवायची, सगळं करायचं. आणि मग खोकला यायचा.”

मुलगी दाराकडे तोंड करून बसली होती. तिला दिसलं, सून येऊन उंबऱ्याशी उभी राहिलीय. हात ओले, कोपरापर्यंत फेस. ती सासूच्या पाठीकडे बघत होती. काकूंची पाठ वाकलेली, मानेवर हेडफोन तसाच, आणि त्या अगदी कुजबुजल्यासारख्या यंत्राच्या तोंडाशी ओठ नेऊन, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं बोलत होत्या.

“मला वाईट वाटायचं. त्या खोकल्या म्हणून वाईट वाटायचं. अकरा वर्षं, रोज. मग मी आत जाऊन त्यांचं तोंड पुसायचे. तेही प्रेमानंच पुसायचे, तुला खोटं वाटेल.”

“नाही वाटत,” मुलगी म्हणाली.

बाहेर जिन्यावरून कुणीतरी चढत होतं, बोलत, हसत. सुनेनं मुलीकडे पाहिलं. मग ओला हात कमरेला पुसून तिनं खोलीचं दार धरलं आणि करकरू नये म्हणून किंचित वर उचलून, सावकाश, बाहेरून ओढून घेतलं.

काकूंना ते ऐकू आलं नाही. त्या बोलत राहिल्या.