बरं वाटलं म्हणून बंद

आमचा कापड रंगवायचा कारखाना. कारखाना कसला, दोन खोल्या, चार हंडे, मी आणि माझा धाकटा भाऊ. आमची शिस्त एकच: हवी ती छटा आली की कापड ताबडतोब बाहेर. जरा उशीर झाला की माल वाया आणि गिऱ्हाईक डोक्यावर बसतं.

भाऊ वर्षभर पार खचला होता. जेवण नाही, बोलणं नाही, काही कारण नसताना छातीत धडधड. डॉक्टरीणबाईंनी गोळी सुरू केली, शिवाय दर आठवड्याला बोलायला बोलावलं. हळूहळू स्वारी हसायला लागली, माझ्या फटकळ तोंडाच्या नकला करायला लागली. मग एके सकाळी त्याने गोळ्यांचं पाकीट केराच्या डब्यात टाकलं, दर आठवड्याचं बोलायला जाणंही सोडलं.

"ताई, छटा आली. आता काढ मला हंड्यातून."

मला तर नाचावंसं वाटलं. त्या गोळ्या माझ्या डोळ्यांत सलतच होत्या. शेजारीण रोज कान भरायची, सवय लागेल, मेंदू बधिर होईल म्हणून. डॉक्टरीणबाईंना विचारायला कोण जातंय! आम्हीच शहाणे.

थोडे दिवस झकास गेले. मग मान वळवली की त्याला डोक्यात झटका बसल्यासारखं व्हायला लागलं. झोप उडाली. पाठोपाठ ती धडधड परत आली, आधीपेक्षा वाईट. एकदा पिवळ्या रंगाचं कापड निळ्याच्या हंड्यात सोडून तो नुसता बघत उभा राहिला.

"अरे ठोंब्या, लक्ष कुठाय?" मी खेकसले.

त्याने वळून पाहिलं. तो माझ्याकडे बघत होता, पण मी त्याला दिसत नव्हते.

"ताई, रसायनांच्या कपाटाची किल्ली तू ठेव," तो म्हणाला. "कुठे ठेवतेस ते मला कळू देऊ नकोस."

"का रे?"

"मला माझाच भरवसा वाटत नाही."

मी हंड्यांखालची आग विझवली आणि रंगाने माखलेल्या हातांनीच त्याला दवाखान्यात नेलं.

"गोळी सगळ्यांनाच लागते असं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कित्येक जण नुसत्या बोलण्याने सावरतात. याला सध्या लागते. आणि थांबवायची झाली तर मला विचारून, हळूहळू. एकदम सोडली म्हणूनच हे झटके."

"म्हणजे जन्मभर?"

"ते आज नाही सांगता येणार."

असा राग आला! खोटं का होईना, धीर द्यायचा होता.

"आजपासून गोळी पुन्हा सुरू. गुण यायला काही आठवडे लागतील," त्या पुढे म्हणाल्या. "तोवर एकटं सोडू नका. जास्त वाटलं तर रात्री-अपरात्रीही घेऊन या."

काही आठवडे! मला तर संध्याकाळ कशी काढायची ते कळत नव्हतं.

घरी आल्या आल्या मी न्हाणीघराची कडी उपटून काढली. तो आत गेला की मी बाहेर उभी. "आहेस का रे?" "आहे." पुन्हा विचारायचं. तो वैतागतो, पण उत्तर देतो.

आज सकाळी उत्तर आलं नाही. आत नळ चालू. पुन्हा हाक मारली. काही नाही. दार ढकललं.

तो आरशासमोर उभा होता, तोंडात ब्रश, हनुवटीवर फेस. माझा चेहरा बघून त्याने घाईघाईने चूळ भरली.

"आहे गं," म्हणाला, आणि त्याला रडू कोसळलं. "अजून आहे."