पट किती, हजर किती

मित्रांनो, मी श्रीगोंदा तालुक्यातल्या एका केंद्राची जुनी फिरती ढाल आहे. जुनी म्हटलं म्हणून मोडकी समजू नका. अंगाने सागवानी, वर पितळी पत्रा! केंद्रातल्या बारा प्राथमिक शाळांची दरवर्षी वाचन-गणिताची चाचणी होते. ज्या शाळेची सरासरी सगळ्यात जास्त, तिच्याकडे मी वर्षभर राहते.

नऊ वर्षं मी मोठ्या गावच्या शाळेत काचेच्या कपाटात मिरवले. तिथले गुरुजी आदल्या दिवशी कच्च्या मुलांना सांगायचे, "उद्या नाही आलात तरी चालेल." कच्ची मुलं नसली की सरासरी वर. मलाही त्यात वावगं वाटलं नाही, खोटं कशाला बोलू?

मागच्या वर्षी मात्र मला वस्तीवरच्या सोळा मुलांच्या शाळेने जिंकलं. तिथल्या अश्विनीबाई मला रोज पुसायच्या. यंदा चाचणी आली ऐन ऊसतोडीत. पाथर्डीकडून तोडीला आलेल्या आणि फडाजवळ कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, राहणाऱ्या लंकाबाई शाळेच्या दारात उभ्या राहिल्या.

"बाई, आमची निकिता उद्या कोपीवरच ऱ्हाऊ द्या. तिला धड वाचता येत न्हाई. तिच्यापायी तुमची ढाल जायची."

मी मनात म्हटलं, ऐका बाई, ऐका त्यांचं.

"ढाल गेली तर गेली," बाई म्हणाल्या. "निकिता माझ्या पटावर आहे. तिला पाठवा."

निकिता आली, अडखळत वाचलं, शंभरात चाळीस गुण मिळाले. निकालाच्या दिवशी मला केंद्रशाळेत टेबलावर ठेवलं. वस्तीची सरासरी सत्तर, मोठ्या गावाची चौऱ्याहत्तर. झालं, मी मनातल्या मनात बोचकं बांधलं.

तेवढ्यात नवे केंद्रप्रमुख राधाकृष्ण सर म्हणाले, "पट किती, हजर किती?"

मोठ्या गावचे गुरुजी खाली बघत म्हणाले, "पट बासष्ट. हजर सत्तावन्न."

"मग न आलेल्यांचे शून्य धरा. सगळ्याच शाळांचे."

चौऱ्याहत्तरची सरासरी अडुसष्टवर आली. वस्तीचे सोळाच्या सोळा हजर होते, सत्तर जागच्या जागी राहिले. अश्विनीबाईंनी वहीच्या मागच्या पानावर आणखी एक गणित केलं आणि मला घेऊन थेट कोपीवर गेल्या.

"लंकाबाई, निकिता घरी राहिली असती तर आमचे साडेसदुसष्ट झाले असते. तिच्या चाळीस गुणांनी ढाल राखली."

त्यांनी मला निकिताच्या हातात दिलं. लंकाबाईंनी पदराने डोळे पुसले. मला इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

मित्रांनो, मला जिंकायला जरूर या. येताना पटावरचं प्रत्येक पोर घेऊन या.