दसऱ्याला फोडलेला दगड

"चौथं प्रकरण काढा, मग सही," डॉ. दीनानाथ खळदकरांनी प्रबंध टेबलावरून परत ढकलला.

"काढते. कारण लेखी द्या," स्वराली म्हणाली.

पाच वर्षं 'अगं' म्हणून हाक मारलेल्या विद्यार्थिनीला आज ते 'अहो' करत होते. प्रबंध सादर करायची शेवटची तारीख आजची, आणि तिचा आवाज जराही चढत नव्हता. त्याचाच त्यांना जास्त राग येत होता.

बारा वर्षांपूर्वी त्यांनी गढवालच्या एका ग्रॅनाइटचं वय साडेपाच कोटी वर्षं काढलं होतं. बाकी सगळे तो खडक जेमतेम सव्वादोन कोटींचा मानत. हिमालय समजुतीपेक्षा कितीतरी आधी उचलला गेला, हा त्यांचा सिद्धान्त त्या दगडातल्या झिरकॉन या वय सांगणाऱ्या खनिजाच्या चार कणांवर उभा होता. त्यांचं नावही. स्वरालीने चौथ्या प्रकरणासाठी त्याच दगडाचा उरलेला तुकडा फोडून साठ कण तपासले. साडेपाच कोटींचा एकही निघाला नाही.

"तुमचा नमुना खराब असेल, बाई."

"दगड फोडायच्या क्रशरची तेव्हाची नोंदवही बघितली, सर. तुमच्या दगडाच्या आधी लडाखचा ग्रॅनाइट फोडलाय. त्याचं वय साडेपाच कोटी."

"दोन दगडांच्या मध्ये जबडे उघडून घासतात, आधीचे कण राहत नाहीत. क्रशर चालवणाऱ्या बजरंगला विचारा."

"विचारलं. खंडेनवमीला मशीनची पूजा झाली होती. पूजलेलं यंत्र दसरा उलटेपर्यंत उघडायचं नाही, म्हणून त्यांनी पाना लावलाच नाही. दसऱ्याच्या सकाळी तुम्ही आलात आणि मुहूर्ताचा म्हणून दगड स्वतःच्या हाताने घातलात."

झेंडूचा हार बाजूला सारल्याचं दीनानाथांना आठवत होतं. "साहेब, उद्या करू," असं बजरंग म्हणाला होता, तेही.

त्यांनी कोरा कागद ओढला. 'नमुन्यात दुसऱ्या खडकाची भेसळ झाल्यामुळे' एवढं लिहून पेन थांबलं.

"कुठल्या नमुन्यात, तेही लिहा," स्वराली म्हणाली. "आणि तारीख घाला."

दीनानाथांनी कागद चुरगाळला. प्रबंध जवळ घेतला, पान न वाचता सही केली.

"आभारात माझं नाव नको."

"घातलेलंच नाही, सर." तिने दुसरी प्रत पुढे सरकवली. "अजून तीन आहेत."