अंबाजीकाकाचं रक्ताचं औषध

रेवसच्या किशोरी कोळीने मुंबईच्या प्रयोगशाळेत पाच वर्षं झेब्राफिशवर घालवली. बोटाच्या पेराएवढा पट्टेवाला मासा. त्याचं पिल्लू आरपार दिसतं, त्यामुळे आत रक्त तयार होताना बघता येतं. एखादं जनुक कधी चालू व्हायचं, कधी बंद, एवढंच बिघडलं तरी रक्ताच्या पेशी कच्च्याच राहतात आणि नुसत्या वाढत सुटतात. तोच रक्ताचा कॅन्सर. या कामाबद्दल पेपरात तिचा फोटो आला.

सुट्टीत गावी आली, तर फोटो अंबाजीकाकाच्या सुकटीच्या दुकानात. खाली बाटल्या, त्यांच्यावरही तोच फोटो, आत करडी भुकटी.

"हे काय, काका?"

"तुजंच औषध, पोरी! तुजा मासा सुकवून कुटलाय. रक्ताच्या कॅन्सरवर. पेपरात छापलंय न्हाय का?"

"काय छापलंय ते वाचलंत?"

"मथळा वाचला."

किशोरीने बाटली उघडून वास घेतला. "हा तर जवळा आहे."

"जवळा बी पौष्टिक असतो."

तिला राग आला नाही, किळस आली. हा माणूस नासके बोंबील ताजे म्हणून खपवायचा, ते एकवेळ परवडलं.

"मी माशांना आजार देते, काका. बरा अजून एकालाही केलेला नाही."

"ते गिऱ्हाइकाला कशाला सांगायचं? नलूला इचार. तिच्या पोरीला, रुचिताला, फरक हाय."

नलू शेजारच्या आळीतली. किशोरी तशीच तिच्याकडे धावली. नऊ वर्षांची रुचिता भिंतीला टेकून बसली होती, पांढरीफटक, नडग्यांवर काळेनिळे डाग. हॉस्पिटलने दिलेल्या कॅन्सरच्या गोळ्या तीन आठवडे बंद.

"मावशी, गोळ्या का थांबवल्या?"

"बाटलीवर तुजा फोटो होता," नलू म्हणाली. "तू फसवशील व्हय?"

दुपारच्याच लाँचने किशोरी दोघींना घेऊन भाऊच्या धक्क्याला उतरली. डॉक्टर नलूवर ओरडले, मग उपचार पुन्हा सुरू केले. वचन कसलंच दिलं नाही.

आठवड्याने अंबाजी पपई घेऊन वॉर्डात आला.

"मी बी काळजीपोटीच दिलं, नलू."

"तुमच्या घरात कोणाला दिलंत कधी?"

"आमच्यात कुठं कोण आजारी हाय?"

नलूने त्याला नखशिखांत पाहिलं. पपई त्याच्याच पिशवीत परत ठेवली, आणि त्याच्याकडे पाठ करून रुचिताला पेज भरवू लागली.